मादी पिल्लू कोण नेणार?

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारतळावरून एक चक्कर मारून बघा. सडकी मेथी, फुटके क्रेट आणि एखाद्या कोपऱ्यात हलणारे पोते. पोत्यात कुत्र्याची पिल्ले. उचलून बघावे तर सगळ्या माद्या. नर आधीच घरोघरी गेलेले असतात. कुणाच्या तरी कुत्रीने कडब्याच्या गंजीमागे सात-आठ पिल्ले घातली, भावकीत नि शेजारपाजारी चार खपली, उरलेली रात्री मोटारसायकलवरून दुसऱ्या गावच्या शिवेत सोडली. त्या गावचे लोकही काही मागे नाहीत. त्यांची पोती आपल्या पुलाखाली येतात.

२०२५ च्या दिवाळीनंतर असेच एक पोते आमच्या वाट्याला आले. तीन पिल्ले, तिन्ही माद्या. त्यांच्यासाठी घर शोधताना जे कळले आणि त्याच सुमारास कोर्टात जे चालले होते, ते एकत्र मांडावे म्हणून हा लेख. कुत्र्यांचा प्रश्न शहरातल्या सोसायट्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून पान उलटू नका. शेळी फाडली जाते ती आपली आणि शाळेच्या वाटेवर चावले जाते ते पोर आपले.

सर्वोच्च न्यायालयात काय झाले ते थोडक्यात सांगतो. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातली सगळी भटकी कुत्री उचला, निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असा आदेश दिला. त्यावर देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. नसबंदी करून, रेबीजची लस आणि जंताचे औषध देऊन कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडायचे; पिसाळलेले, तसा संशय असलेले किंवा अंगावर जाणारे मात्र सोडायचे नाही, असे ठरले. प्रकरणाची व्याप्तीही दिल्लीपुरती न ठेवता साऱ्या देशापर्यंत नेली. मग ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा-कॉलेजे, दवाखाने, क्रीडासंकुले, एस.टी. स्टँड, आगार आणि रेल्वे स्टेशन या ठिकाणची कुत्री हलवायची, नसबंदी आणि लस करून निवाऱ्यात ठेवायची आणि त्या जागी पुन्हा सोडायची नाहीत. या जागांची तीन महिन्यांतून एकदा तरी पाहणी करायचे काम नगरपालिकांबरोबर पंचायतींवरही टाकले आहे. सरपंच मंडळींनी हे वाक्य सावकाश दोनदा वाचावे.

जिल्हा परिषदेची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, एस.टी. चा थांबा हे सगळे गावातच आहे. निम्म्या शाळांच्या कुंपणाला भगदाडे आहेत, आणि दुपारी पोषण आहाराची खिचडी शिजली की गावातली कुत्री पोरांच्या आधी हजर. ती उचलून न्यायची कुठे? तालुक्याला निवारा नाही. काही जिल्ह्याच्या गावांनाही धड नाही. रोजचे खाणे, झाडलोट, डॉक्टर, माणूस, सगळा खर्च बघता एखादी ग्रामपंचायत निवारा चालवील हे स्वप्नच म्हणायचे. घरपट्टी वसूल होता होत नाही, तिथे कुत्र्यांच्या भाकरीचा ठराव कोण मांडणार?

ऑगस्टच्या त्याच आदेशात एक वाक्य असे होते की ज्याची फारशी चर्चा झाली नाही. ज्या प्राणिप्रेमींना रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यायचे असेल त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, कुत्र्याला खूण करून ते त्यांच्या स्वाधीन करावे, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर राहील. त्याआधी २०२२ मध्ये भारतीय प्राणी कल्याण मंडळानेही अशा दत्तकाची पद्धत ठरवून दिली होती. म्हणजे पिल्लू उचलून घरी नेणे ही आपल्याकडची जुनीच रीत आता कागदावर आली आहे. फरक एवढाच की कागदावर शेवटचे कलम आहे: परत रस्त्यावर येता कामा नये. आपल्या रीतीत ते कलम कधीच नव्हते.

आता थोडा हिशेब करू. २०१९ च्या पशुगणनेत देशात १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यातली महाराष्ट्रात १२ लाख ७६ हजार. दहातल्या एकाला घर द्यायचे म्हटले तरी सव्वा लाखावर घरे लागतील. ती मिळालीच असे धरा. उरलेल्या नऊमधल्या माद्या वर्षातून दोनदा विणार, दर वेताला चार-सहा पिल्ले, म्हणजे पुढच्या वर्षी आपण होतो तिथेच. दत्तक देऊन कुत्री संपत नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. दत्तकाची भलामण करणारे हे सांगत नाहीत, आणि दत्तकाला हसणारे यावर थांबतात.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी पाच वर्षे मोकाट कुत्र्यांची वेते मोजली. ९५ वेतांमधली ३६४ पिल्ले. त्यातली वयात येईपर्यंत जगली ती सुमारे १९ टक्के. पाचातले एक. आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पिल्लांच्या मरणाला माणूस कारण होता. गाडीखाली गेली, मारली, नाहीतर कुणी उचलून नेऊन कुठेतरी टाकली. म्हणजे आपण ज्याला सोडून देणे म्हणतो ते पाचातल्या चार पिल्लांसाठी मारणेच असते, फक्त आपल्या डोळ्यांआड. आणि जी पाचवी जगते ती मादी असेल तर सात-आठ महिन्यांत तिचे पहिले वेत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. गावात कुत्रे घरी न्यायचे असेल तर मादी न्या आणि तिचे ऑपरेशन करा. नर नेल्याने एका कुत्र्याला घर मिळते. मादी नेऊन ऑपरेशन केले तर एका कुत्रीला घर मिळते आणि पुढची सगळी पोती वाचतात.

मादी का नको, हे मी निदान वीस जणांना विचारले असेल. उत्तरे तीच. माजावर आली की दारात पंधरा कुत्री जमतात, रात्रभर भांडतात, शेजारी बोलतात. वर्षातून दोनदा पिल्ले, ती कुठे घालवायची? एका आजीबाईंनी तर पदर सावरत सांगितले, "लेकीबाळींच्या घरात ते दारात नको बाबा." खोटे नाही. पण या साऱ्या तक्रारी माजाच्या आहेत, मादीच्या नाहीत. ऑपरेशनमध्ये गर्भाशय आणि बीजकोश काढले की माज येतच नाही, नर जमत नाहीत, वेत नाही. राखणीत काही कमी पडत नाही. भुंकणे, अनोळखी माणूस हेरणे, घर ओळखणे हे नरपणावर अवलंबून नसते. उलट माजाच्या दिवसांत वासामागे दोन-दोन गावे हिंडून कान फाडून घेऊन परत येणारा, किंवा न येणारा, तो नरच असतो. मेंढपाळांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वाड्यावरच्या कुत्रीला ते कधी कमी लेखत नाहीत.

ऑपरेशन कुठे करायचे?

इथे खरी अडचण आहे, आणि ती नीट समजून घ्या, कारण यातच एक वाटही आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे करायची असते. त्याला मान्यता असलेले केंद्र लागते, पिंजरे लागतात, ऑपरेशननंतर काही दिवस कुत्रे ठेवून घेण्याची सोय लागते, कान कापून खूण करावी लागते आणि मग ते मूळ जागी सोडावे लागते. जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे गावात ग्रामपंचायतीची. पण एकट्या ग्रामपंचायतीला असे केंद्र उभे करणे झेपत नाही. मग अर्ज वर जातो, वरून खाली येतो, आणि तोवर कुत्री दोनदा विते.

पाळीव कुत्र्याचे मात्र तसे नाही. त्याच नियमांत पाळीव जनावराची नसबंदी, लस आणि जंताचे औषध ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे. मालक कुत्रीला घेऊन कोणत्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाकडे जाऊ शकतो. केंद्राची वाट बघायला नको, निविदा नको. म्हणजे आज जी कुत्री 'गावाची' आहे आणि म्हणून कुणाचीच नाही, तिला एखाद्या घराने आपली म्हटले की तिच्या ऑपरेशनचा रस्ता त्याच दिवशी मोकळा होतो. दत्तकाचा खरा उपयोग हा आहे. भाकरीपेक्षा तिला नाव आणि मालक मिळतो, याला जास्त किंमत आहे.

आता डॉक्टर. श्रेणी दोनच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक असतात, तिथे हे ऑपरेशन होत नाही. श्रेणी एकच्या दवाखान्यात पशुवैद्यकीय अधिकारी असतात, पण गायी-म्हशींच्या रगाड्यात कुत्रीचे पोट उघडायला सवड आणि सामान दोन्ही असेलच असे नाही. तालुक्याचे लघु सर्वचिकित्सालय किंवा जिल्ह्याचे सर्वचिकित्सालय येथे आधी विचारून जावे. शिरवळ, परभणी, उदगीर, अकोला, नागपूर इथून जवळ असणाऱ्यांनी तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी करावी. विद्यार्थ्यांना शिकायचे असते, आपले काम होते. खासगी डॉक्टरकडे काही हजारांत जाते. एका शेतकऱ्याला ते जड आहे हे मान्य. पण वस्तीवरच्या चार घरांनी मिळून एका कुत्रीचा खर्च उचलला तर जत्रेच्या वर्गणीएवढाही पडत नाही. साधारण सहा महिन्यांची झाली की, पहिला माज येण्याआधी, डॉक्टरांना दाखवावी. ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत आणि चिखलात जाऊ द्यायची नाही. पेरणीच्या धांदलीत हे जमत नाही, तेव्हा सुगीनंतरची तारीख धरावी.

घर योग्य कोणते?

आमच्या तीन पिल्लांकडे वळतो. पहिला निरोप आला तो एका बागायतदाराचा. वस्ती मोठी, दोन गोठे, भाकरीला तोटा नाही. मी खूष. सहज विचारले, रात्री कुठे बांधणार? म्हणाले, "अंगणात, नारळाच्या बुंध्याला. बिबट्या आला तर भुंकेल ना!"

भुंकेल, पण एकदाच. आपला ऊसपट्टा म्हणजे बिबट्याचे घर झाले आहे, हे जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, सिन्नर, निफाडच्या लोकांना सांगायला नको. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या उसात संशोधकांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचे खाणे तपासले. २०१४ साली तो अभ्यास छापून आला. वजनाच्या हिशेबाने त्याचे ८७ टक्के खाणे पाळीव आणि गावातल्या जनावरांचे निघाले, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळीपेक्षाही जास्त. तेव्हा उघड्यावर साखळीने बांधलेले कुत्रे राखण करत नाही, ते बिबट्याला दाराशी बोलावते. साखळीमुळे बिचाऱ्याला पळताही येत नाही. आणि कुत्र्यासाठी अंगणात येण्याची सवय झालेला बिबट्या उद्या त्याच अंगणात झोपलेल्या माणसापर्यंत यायला किती दिवस लागतात?

त्या गृहस्थांना तसे सांगितले. राग आला त्यांना. चार दिवसांनी पुन्हा फोन. गोठ्याला खालपासून वरपर्यंत जाळी आणि दार होतेच, शेळ्यांबरोबर रात्री पिल्लूही आत घेऊ म्हणाले. त्यांना एक पिल्लू दिले. शेळ्यांबरोबर लहानपणापासून वाढले तर ते पुढे शेळ्यांमागे लागण्याचा धोकाही कमी होतो, हा वरचा फायदा. मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, तो काही शोभेसाठी नसतो. बिबट्या मान धरतो. पण पट्ट्यावर भरवसा ठेवून कुत्रे रात्री बाहेर ठेवू नये.

दुसरे घर एका शिक्षक जोडप्याचे. गावातच राहणारे. तिथे बघायचे ते वेगळे. दोघे दिवसभर शाळेत, सुट्टीत महिनाभर गावी. तेव्हा हिला कोण बघणार? शेजारच्या म्हातारीने जबाबदारी घेतली, आणि आता खरे सांगायचे तर पिल्लू म्हातारीचेच झाले आहे.

नकारही दिले. एकाला द्राक्षबागेत मोकळे सोडायला हवे होते. द्राक्षे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे बागायतदारांपैकी कितीजणांना माहीत आहे? मनुकेही तसेच. एकाला तीन आठवड्यांचेच पिल्लू पाहिजे होते, म्हणजे 'माया लागते'. दोन महिने आईजवळ न राहिलेले पिल्लू अंगाने अशक्त आणि स्वभावाने चावरे होण्याचा संभव जास्त असतो. आईच सापडली नाही तर गोष्ट वेगळी. पण आई दिसत असताना पिल्लू लवकर उचलू नये. आणि सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास पार्व्होची लस टोचून घ्यावी. नाहीतर रक्ताची हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू जाते. 'माती खाल्ली' म्हणून आपण सोडून देतो.

मोठे कुत्रे कुणी मागत नाही, याचेही नवल वाटते. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा निघेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तीन वर्षांची, पोरांमध्ये वावरलेली, कोंबड्यांकडे मान वळवून न बघणारी कुत्री स्टँडवर समोर दिसत असते. तिचा स्वभाव साऱ्या गावाला पाठ असतो. पण आपल्याला पिल्लूच हवे. नोव्हेंबरच्या आदेशाने स्टँड आणि शाळेतून हलवायची जी कुत्री आहेत त्यांतली अशी निवडून, ऑपरेशन आणि लस करून वस्तीवर दिली तर निवाऱ्याचा तेवढा भार कमी होईल. आठ-पंधरा दिवस नवीन जागी कोंडून, खायला घालून ठेवावी लागते. नाहीतर ती थेट जुन्या जागी परत चालत येते.

शहरातून येणाऱ्या जातिवंत कुत्र्यांबद्दल दोन शब्द. हायवेच्या ढाब्यांजवळ लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, कधी रॉटवायलरसुद्धा सोडलेले आढळतात. फुकटात मिळाला म्हणून शेतकरी घेऊन येतो. त्याचे खाणे, उन्हाचा त्रास, कातडीचे रोग हे सगळे आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये निभावणार आहे का, आणि तो का सोडला गेला, चावला म्हणून तर नव्हे, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आपले गावठी कुत्रे दिसायला साधे, पण आपल्या उन्हात नि आपल्या भाकरीवर निभावते.

रेबीजचे सांगायलाच हवे. रोगाची लक्षणे दिसल्यावर त्याला इलाज नाही, माणसालाही नाही. कुत्रे चावले की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, चुना-तिखट-तेल काही लावायचे नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. कातडीत देण्याच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. तिसऱ्या सुईनंतर मळणी आली म्हणून चौथी चुकवू नका. पाळलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची, नंतर दरवर्षी. शेजारच्या गोव्याने हे राज्यभर करून दाखवले. तिथे सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने गावोगाव, दारोदार फिरून, मोकाट कुत्री जाळ्यात धरून जागच्या जागी लस टोचली. १०० पैकी ७० कुत्र्यांना लस पोचली तर साथ तुटते, हे त्यामागचे गणित. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्री तिथेही आहेत. त्यांना लस आहे.

ग्रामपंचायतीला यात करण्यासारखे फार काही अवघड नाही. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणासाठी डॉक्टरांचे पथक येते त्याच आठवड्यात पाळीव कुत्र्यांच्या लसीचा दिवस ठेवता येतो का, हे त्यांना विचारावे. एक वही घालावी: कोणत्या घरी कुत्रे, नर की मादी, लस कधी, ऑपरेशन झाले का. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणतील, आधीच चाळीस नोंदवह्या आहेत. (पदाचे नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झाले, वह्या त्याच राहिल्या.) पण पाहणी पंचायतीवरच आली आहे, तेव्हा ही वही आज ना उद्या मागितली जाणारच. शिवाय त्या वहीचा एक उपयोग असा की पोत्यातली पिल्ले कोणाच्या कुत्रीची, हे गावाला कळते. जनावर उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला कायद्यात लिहिलेला दंड वाचून हसू येईल: दहा ते पन्नास रुपये. चहा-भज्यांचा खर्च त्याहून जास्त. दंडाला कुणी भिणार नाही. चावडीवर नाव वाचले जाईल याला मात्र भितात.

आमच्या तीनपैकी दोन गेल्या. तिसरी अजून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे. तांबूस रंग, उजव्या कानाला पांढरा ठिपका. पार्व्होची आणि रेबीजची लस झाली आहे. तिथले व्रणोपचारक तिला सकाळी आपल्या डब्यातली अर्धी पोळी घालतात आणि विचारायला आलेल्याला पहिला प्रश्न करतात, रात्री कुठे ठेवणार? दुसरा प्रश्न, ऑपरेशनची तारीख आत्ता लिहू का? आतापर्यंत सहाजण येऊन गेले. चौघांनी नर आहे का म्हणून विचारले आणि गेले. दोघांनी घरी विचारून सांगतो म्हटले आहे.